पाचव्या पाखराचं बारसं

वसंता गेला तो दिवस बुधवार होता. दुपारी तार आली. बाबा एस.टी.नं अमरावतीला गेले. माय चुलीपुढं बसून राहिली. तिसऱ्या दिवशी बाबा परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर वसंताची ट्रंक होती.

वसंता माझा मोठा भाऊ. अमरावतीला कॉलेजात विज्ञान शिकत होता, वसतिगृहात राहत होता, आणि तिथंच विषमज्वरानं गेला. ट्रंकेत दोन सदरे, एक शाल, मायनं दिवाळीनंतर बांधून दिलेल्या शंकरपाळ्यांचा डबा आणि एक वही निघाली. डब्याच्या तळाशी थोड्या शंकरपाळ्या उरल्या होत्या. मायनं तो डबा कुणाला घासू दिला नाही. ती माजघरात भिंतीकडं तोंड करून निजली ती कितीतरी महिने तशीच. मी तेव्हा नववीत होते आणि रोज एस.टी.नं चिखलीला शाळेत जात होते. ते बंद झालं. कुणी बंद कर म्हटलं नाही. सकाळी उठून भाकरी कुणीतरी करायला हवी होती, आणि बस नेमकी त्याच वेळी जात असे.

आमचं गाव चिखलीहून मेहकरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून दोन कोस आत. घरात आता तिघंच आणि तिघांच्यातही बोलणं उरलेलं नव्हतं, त्यामुळं त्या वर्षाचे आवाज मला माणसांच्या बोलण्यापेक्षा जास्त आठवतात. गावाच्या टोकाला पिठाच्या गिरणीचं इंजिन दुपारभर फकफक करायचं. गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा तो मान हलवील तशी वाजायची. मी भाकरी थापायला बसले की परातीवर हाताचा आवाज व्हायचा आणि माजघरातून मायचा आवाज यायचा, "पानी कमी पडलं व." एवढंच. तिला पीठ दिसत नसे, मी दिसत नसे. थापण्याच्या आवाजावरून तिला कळत असे. त्या महिन्यांत ती माझ्याशी बोलली ते बहुतेक भाकरीबद्दलच. मला तेही पुरत होतं. कधी कधी मी मुद्दाम पाणी कमी घालत असे.

वही मी वाचली ती फाल्गुनात, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्यावर. तिच्यात वसंताची पाखरं होती. सगळी नव्हेत, फक्त एका कुळातली. ज्वारीत, अंबाडीत, काट्यांच्या कुंपणात म्हणजे कुपाटीत शेपटी वर करून टुणटुण उड्या मारणारी, अंगठ्याएवढी, मातकट पाखरं. ती बसल्या जागी सारखी बडबड करतात. गावात त्यांना निराळं नावच नव्हतं. बारकी पाखरं म्हणत, आणि त्यात सगळं आलं. वसंताला कुठल्याशा मराठी यादीत 'वटवट्या' हे नाव सापडलं होतं आणि ते त्याला फार आवडलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, ते घरी नेऊ देत नसत, म्हणून तो उभ्या उभ्या त्यातला मजकूर उतरून घेई. जेवढा उतरला तेवढा. त्या पुस्तकात आमच्या या पाखरांच्या नावात 'रेन' हा शब्द जोडलेला होता. रेन म्हणजे काय, असं मी त्याला एका दिवाळीत विचारलं होतं.

"विलायतेतलं पाखरू हाये. आपल्याकडं नाई ते," तो म्हणाला.

"मंग आपल्या पाखराले त्याचं नाव कायले?"

"शेपटी तशीच वर धरते म्हणते. साहेब इथं आला, त्यानं ज्वारीत हे पाहिलं, त्याले घरची आठवण आली असन. दिलं ठेवून."

मग थोड्या वेळानं तो म्हणाला, "पन आपल्याले घरची आठवण याचं काय कारन? आपन घरीच हावो. आपन नीट पाहून नाव ठेवू."

हे त्याचं 'नीट पाहून' म्हणजे ती वही. एका पानावर एक पाखरू. विहिरीवरच्या बागेतला, राखेच्या पाठीचा, तो राखी वटवट्या. कुपाटीत टोळीनं फिरणारा, छातीवर करडा पट्टा असणारा, तो करडपट्ट्या. टेकडीवरच्या झुडपातला, जाड चोचीचा, तो रानवटवट्या. ज्वारीतला, मातकट, आखूड शेपटीचा, काळ्या चोचीचा, तो साधा वटवट्या. आणि पाचवा. पाचव्याचं पान त्यानं सगळ्यांत मन लावून लिहिलं होतं. तांबूस पाठ, लांब शेपटी, फिकट चोच, राहायला ज्वारीतच. खाली लिहिलं होतं: 'हा पुस्तकातून उतरलेल्या मजकुरात सापडत नाही. साधा वटवट्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दिसतो, हा दिवाळीच्या सुट्टीत दिसतो. एक असतो तेव्हा दुसरा कुठं जातो?' नावाची जागा कोरी होती.

चैत्रात वसंताच्या कॉलेजातल्या सरांचं पत्र आलं. पोस्टमननं ते बाबांच्या हातात दिलं, बाबांनी माझ्या. सरांनी लिहिलं होतं की, राज्य नवं आहे, मुलांना मराठीतून विज्ञान शिकवायचं तर पक्ष्यांची मराठी नावं हवीत, त्यासाठी एक छोटं पुस्तक काढायचं चाललं आहे आणि वसंतानं त्यात आपली यादी द्यायचं कबूल केलं होतं. माझा विषय बेडूक आहे, पक्ष्यांतलं मला फारसं कळत नाही, असंही त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. वही पुरी करून कुणी पाठवू शकेल काय? पाचवा पक्षी वर्षभर पाहून खरोखर निराळा ठरला, तर त्याला तुमच्या मुलाचं नाव देता येईल.

बाबांनी ते शेवटचं वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. बाबा दुसरी शिकलेले. ते ओट्यावर बसले होते, आतल्या दाराकडं तोंड करून, म्हणजे मायला ऐकू जावं म्हणून.

"म्हंजे पुस्तकात छापून येईन?"

"हाव."

"लेकरं वाचतीन? वसंता वटवट्या म्हनून?"

"निराळा ठरला तं."

"ठरते," बाबा म्हणाले. "त्यानं लिहिलं हाये नं."

दुसऱ्या दिवसापासून माझं काम ठरलं. भाकऱ्या उरकायच्या, मायला ताट द्यायचं आणि वही घेऊन शेतात जायचं. मला आता कुणी विचारतं, दुर्बीण होती का. नव्हती. या पाखरांना ती लागतही नाही. तुम्ही हललात नाहीत तर ती हातभर अंतरावर येऊन तुमच्यावरच वटवट करतात. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहायला शिकले. तोवर मला वाटायचं, पाहणं म्हणजे डोळे उघडे ठेवणं. त्या उन्हाळ्यात कळलं की तेच पाखरू चाळीस वेळा पाहावं लागतं, तेव्हा कुठं ते एकदा दिसतं.

आषाढात धुऱ्याच्या अंबाडीत साध्या वटवट्याचं एक जोडपं आलं. त्यातल्या एकाच्या डाव्या पायाची बोटं मिटलेली होती. काटकीवर बसताना ते एका पायानं धरी आणि तोल सावरायला शेपटी जोरानं हलवी. मी त्याला लंगडा म्हणू लागले. दोघांनी गवताच्या धाग्यांची पिशवी विणली आणि ती अंबाडीच्या दोन उभ्या ताटांना बांधली. श्रावणात तिच्यातून चार पिल्लं बाहेर आली. घरी येऊन मी हे भाकरी थापता थापता मोठ्यानं सांगत असे, जणू स्वतःशीच. एकदा माजघरातून प्रश्न आला, "चारई जगले?" मी जगले म्हटलं. पुढची भाकरी थापायला घेतली तेव्हा, "पानी कमी पडलं व."

गावात बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. न्हाव्याला, गिरणीवाल्याला, शाळेच्या गुरुजींना. शेजारच्या शेवंताकाकूंची जीभ फार तिखट. त्या कुपाटीवरून डोकावून म्हणायच्या, "काय हो भाऊजी, पाखराचं बारसं कधी? आम्हाले घुगऱ्या भेटतीन का नाई?"

त्यांनी थट्टाच केली होती. पण बाबांनी ती थट्टा उचलली. "भेटतीन," ते म्हणाले. "दसरा झाला की पाचवा येते, असं वहीत हाये. आला की शाळेतल्या सगळ्या लेकरायले घुगऱ्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आत."

आणि ते खरंच होतं, थट्टा नव्हती, हे मला कळलं ते दसऱ्यानंतरच्या एका दुपारी. मी शेतातून आले तर माय माजघराच्या उंबऱ्यात बसलेली. मांडीवर सूप, सुपात हरभरे. ती एकेक खडा वेचून बाजूला टाकत होती. केस विंचरलेले होते. नऊ-दहा महिन्यांनी ती उजेडात बसली होती आणि मला तिचा चेहरा अनोळखी वाटला.

"वसंताच्या वक्ताले सव्वा पायली केले होते," ती वर न बघता म्हणाली. "तुझी आत्या म्हणे, घुगऱ्यायले मीठ जास्त झालं. झालं नव्हतं."

ती आणखीही बोलली. बारशाला कोण कोण आलं होतं, पाळणा कुणाचा आणला होता, नाव कुणी सुचवलं. मी खांबाला टेकून ऐकत उभी राहिले. पायाला चिखल लागला होता तो वाळला तरी मी हलले नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण त्याच सकाळी मी शेतात काहीतरी पाहिलं होतं आणि ते तिला कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.

पाचवा आला होता. तांबूस पाठ, लांब शेपटी, फिकट चोच, अगदी वहीतल्यासारखा. तो अंबाडीच्या ताटावर बसला होता, एका पायानं धरून, शेपटी जोरानं हलवत. डाव्या पायाची बोटं मिटलेली.

भादव्यात लंगडा विस्कटलेला दिसायचा, पिसं गळाल्यासारखा, शेपटीत एक पीस लांब आणि बाकीची आखूड. मी वहीत 'आजारी असावा' असं लिहून ठेवलं होतं. तो आजारी नव्हता. तो कपडे बदलत होता. साधा आणि पाचवा हे एकच पाखरू, उन्हाळ्यात एक अंग आणि हिवाळ्यात दुसरं. वसंताला ते कळणं शक्यच नव्हतं. तो सुट्टीत घरी यायचा. वैशाखात एक रूप पाहायचा, दिवाळीत दुसरं, आणि मधले महिने अमरावतीला. बदल होताना पाहायला वर्षभर इथं असावं लागतं, आणि त्या वर्षी इथं मी होते.

तीन दिवस मी गप्प राहिले. आज इतक्या वर्षांनी लिहिताना वाटतं की, गप्प राहून गेले असते तरी चाललं असतं. सरांना कळलं नसतं, त्यांचा विषय बेडूक. पुस्तकात 'वसंता वटवट्या' छापून आलं असतं, बाबांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं असतं, माय उजेडात बसत राहिली असती. चौदा वर्षांच्या पोरीला याहून मोठं काय हवं होतं? पण रोज सकाळी लंगडा समोर येऊन बसायचा, आणि वही माझ्या मांडीवर असायची, आणि तिच्यात काय लिहायचं ते मला समजत नव्हतं. चौथ्या दिवशी, म्हणजे मायनं आदल्या संध्याकाळी हरभरे भिजत घातल्यावर, मी सकाळीच शेतात गेले.

ज्वारी हुरड्यावर आली होती. बाबा मचाणासारख्या माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकत होते. मी शिडीनं वर चढले आणि त्यांच्या शेजारी बसले.

"बाबा, पाचवा नाई."

"नाई म्हंजे? काल तं मीबी पाह्यला."

"तो चौथाच हाये. थंडीत पिसं बदलते तो. लंगडा तोच हाये, मी पयल्यापासून पाहून राह्यली."

बाबांनी गोफणीत घातलेला दगड काढून खाली ठेवला. समोर कणसांवर पोपटांचा थवा उतरला, तो त्यांनी उतरू दिला.

"मले मालूम हाये," ते म्हणाले.

त्यांनी गोफण गुंडाळून मांडीवर ठेवली.

"ढोरं चारत होतो तवापासून पाह्यतो मी. थंडीत तांबडा होते, शेपटी वाढते. होळी झाली का पुन्हा मातीसारखा. बैलाच्या अंगावरचे केस नाई बदलत का?"

"मंग वसंताले काऊन नाई सांगतलं?"

"त्यानं मागच्या दिवाळीत वही दाखवली मले. म्हणे, बाबा, पाच झाले. इतका खुश होता. मी म्हटलं, पोरगं कॉलेजात शिकते, पुस्तकं वाचते. आपन ढोरामागचे. आपल्याले एक दिसते, पुस्तकात दोन असतीन. मंग जाऊ देल्लं. म्हटलं, उन्हाळ्यात आला का त्याच्यासोबत धुऱ्यावर बसू, दाखवू त्याले."

तो उन्हाळा आला नव्हता. बाबांनी पोपटांकडं पाहिलं आणि नुसता हात उगारला, ते उडाले. वर्षभरात बाबा माझ्याशी इतकं पहिल्यांदाच बोलले होते. मला वाटलं होतं, आपण त्यांच्याकडून काही काढून घ्यायला आलो आहोत. उलट त्यांचा चेहरा एखादं ओझं उतरवल्यासारखा झाला होता.

"तुह्या मायले कोन सांगन?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "तूच सांग, बापा. मले नाई जमत."

माय चुलीपाशी होती. हरभरे फुगून पातेल्याच्या काठाला आले होते, ती त्यांचं पाणी ओतून काढत होती. बाबा दारातच थांबले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, लंगड्याची बोटं, भादव्यातली शेपटी, सुट्टी. बाबांना आधीपासून माहीत होतं ते मात्र मी सांगितलं नाही. ते त्यांनी स्वतःच दारातून सांगितलं, एका वाक्यात.

माय पातेलं तिरपं धरून उभी होती. पाणी संपलं तरी तिनं ते तसंच धरलं होतं.

"वसंताले हे कळलं असतं," तिनं मला विचारलं, "तं त्यानं काय केलं असतं?"

"खोडलं असतं. पट्टी ठेवून खोडलं असतं."

"मंग खोड," माय म्हणाली.

मी वही आणली आणि तिच्यासमोर बसून पाचव्या पानावर पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. पट्टी असल्यामुळं रेघा सरळ आल्या. माय वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. मग ती बाबांकडं वळली.

"आता हरबरे तं भिजले. फेकता काय? बाकीचे चार हायेत नं त्याचे? त्याईचं करा बारसं."

तसं ते झालं. शाळेच्या आवारात गुरुजींनी पोरांना ओळीनं बसवलं आणि मला पुढं उभं केलं. मी वहीतून चार नावं वाचली आणि कुठलं पाखरू कुठं दिसतं ते सांगितलं. मायनं घुगऱ्यांत खोबरं घातलं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करतात, म्हणून पोरं एकमेकांच्या कानात 'करडपट्ट्या' असं ओरडून कुर्र करत होती आणि गुरुजी हसत होते. शेवंताकाकू घुगऱ्या पदरात घेऊन मायजवळ आल्या. मायला त्यांनी बऱ्याच महिन्यांनी पाहिलं होतं, आणि काय बोलावं ते न सुचून त्या आपल्या नेहमीच्याच वळणावर गेल्या.

"काय व वयनी, बारसं तं झालं, पन पाळणा कोठी हाये?"

"अंबाडीले बांधेल हाये," माय म्हणाली. "जाय, झोका दे."

शेवंताकाकू आधी दचकल्या. मग त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी मायचा हात धरला तो आवार रिकामं होईपर्यंत सोडला नाही.

सरांना मी चार नावं पाठवली आणि साध्या वटवट्याच्या पानावर हिवाळ्यातल्या अंगाची माहिती जोडली. लंगड्याचंही लिहिलं. पुस्तक दोन वर्षांनी आलं. त्यात चारांपैकी दोन नावं वसंताच्या वहीतली होती, दोन दुसरीकडची. नावं कुणी दिली ते कुठंच छापलेलं नव्हतं. बाबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पुस्तक गुरुजींकडं शाळेत ठेवायला दिलं. मी मात्र बारशानंतरच्या जूनमध्येच पुन्हा चिखलीला शाळेत जाऊ लागले होते. भाकऱ्या माय करू लागली होती. पुढं मी जीवशास्त्र शिकले आणि नोकरी संपेपर्यंत तेच शिकवलं.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. माय गेल्या वर्षी गेली, त्यानंतर मी हे लिहायला घेतलं. शेत अजून आमचंच आहे, पण त्यात आता ज्वारीऐवजी सोयाबीन असतं. चारांपैकी तीन पाखरं मला तिथं अजून दिसतात. रानवटवट्या बऱ्याच वर्षांत दिसलेला नाही.